पंचांचा शब्द आणि खेळाडूंची न्यायभावना : कांतीरवावरील फ्री किकचा संदर्भ

बंगळुरू : पंचांनी नियमाला धरून दिलेला निर्णयही खेळाडूंना अन्यायकारक का वाटतो, या प्रश्नाची चर्चा भारतीय फुटबॉलमध्ये श्री कांतीरवा मैदानावरील ३ मार्च २०२३ च्या सामन्याशिवाय पूर्ण होत नाही. इंडियन सुपर लीगच्या त्या बाद सामन्यात बंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स जादा वेळेतही गोलशून्य बरोबरीत होते. ९६व्या मिनिटाला सुनील छेत्रीने झटपट फ्री किक घेऊन गोल केला. केरळचे खेळाडू त्या वेळी बचावभिंत उभारण्याच्या तयारीत होते. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल ग्राह्य धरला. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावले आणि तो परतलाच नाही.

नियमानुसार झटपट फ्री किकसाठी शिट्टीची गरज नसते. मात्र पंचांनी थांबण्याची खूण केली, तर शिट्टीची वाट पाहावी लागते. भिंत किंवा शिट्टी नको, असे आपण पंचांना सांगितले होते आणि त्यांनी पुन्हा विचारून खात्रीही करून घेतली, असे छेत्रीने सामन्यानंतर सांगितले. वादाची मेख इथेच आहे. हा संवाद मोजक्या खेळाडूंपुरता राहिला, तर उरलेल्यांसमोर दिसतो तो केवळ गोल. पुढे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने केरळला ४ कोटी रुपयांचा दंड केला, तर वुकोमानोविच यांच्यावर १० सामन्यांची बंदी घातली.

निकाल प्रतिकूल असला तरी प्रक्रिया सन्मानाची आणि पारदर्शक असेल तर माणसे तो अधिक सहज स्वीकारतात, असे न्यायालये व पोलिसांबाबत अमेरिकी अभ्यासक टॉम टायलर यांनी मांडले आहे. फुटबॉलमध्ये त्यात भाषेचीही भर पडते. हातवारे करून बोलणे एका समाजात स्वाभाविक असते, तर दुसऱ्या समाजात तो उर्मटपणा ठरतो. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनियो रॅटिन याला जर्मन पंच रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी बाहेर काढले, तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आपण फक्त दुभाष्या मागत होतो, असे रॅटिनचे म्हणणे होते. त्या गोंधळातून इंग्लंडचे केन अ‍ॅस्टन यांना पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना सुचली, तीही वाहतुकीच्या दिव्यांवरून. (सिग्नलवर तासन्‌तास काढणाऱ्या बंगळुरूकरांना हा तपशील आवडावा.) १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम आली.

कार्ड निर्णय कळवते, कारण नव्हे. २०२३ च्या महिला विश्वचषकात व्हिडिओ फेरतपासणीनंतरचा निर्णय पंचांनी ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना सांगितला. युरो २०२४ मध्ये केवळ कर्णधाराने पंचांशी बोलावे आणि पंचांनी त्याला महत्त्वाच्या निर्णयाचे कारण सांगावे, अशी पद्धत लागू झाली. कर्णधार गोलरक्षक असल्यास त्याच्याऐवजी बोलणारा खेळाडू आधीच ठरवून ठेवायचा.