कामठीचे बूट

परवा आवराआवरीत माझे जुने काळे बूट सापडले. निवृत्तीच्या वर्षी घेतलेले. सून म्हणाली, "बाबा, फेकून द्या हो." फेकवले नाहीत. तीन संध्याकाळी गॅलरीत बसून घासले. घासता घासता जे आठवलं ते लिहितो आहे.

आमचं बेसा नागपूरच्या दक्षिणेला, कामठी पार दुसऱ्या टोकाला. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसले हरले आणि १८२१ मध्ये कन्हानच्या काठी इंग्रजांची कामठी छावणी वसली. जोड्याला तेल लावलं की चामडं मऊ राहतं, चकाकत नाही. चकाकी ही पलटणीची हौस. त्या काळी विलायतेत बुटांचं काळं हाडांचा कोळसा, काकवी, व्हिनेगर नि तेल कालवून करत. १८२४ मध्ये बारा वर्षांचा चार्ल्स डिकन्स लंडनच्या अशाच एका कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता, वडील कर्जापायी तुरुंगात. (हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची.)

डबीतलं मेणाचं पॉलिश नंतरचं. १९०६ मध्ये मेलबर्नला विल्यम रॅमसेने 'किवी' काढलं. बायको न्यूझीलंडची, म्हणून हे नाव. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या सामानातून ते जगभर गेलं. टर्पेंटाइन उडून जातं, मेण उरतं, चामड्याची छिद्रं नि सुरकुत्या बुजतात. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड आरशासारखा परततो. म्हणजे चमक चामड्याची नसतेच!

असो. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात एन.सी.सी. सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. मी १९६७चा, म्हणून सापडलो. मिळालेले बूट आधी कोणी कोणी वापरलेले, पुढे चिरा पडलेले. आजी चामड्याला शिवू देत नसे. बूट अंगणात कडुनिंबाखाली, हात लागला की आंघोळ. पहिल्याच परेडला हवालदारांनी मला रांगेबाहेर काढलं. बरोबरच होतं.

शेजारच्या मुलाचे बूटही तितकेच जुने, पण त्यात तोंड दिसे. त्याचे वडील मोची. आम्ही सहा वर्षं एका शाळेत होतो, पण त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. आता दोन संध्याकाळ गेलो. वडिलांनी माझ्याच हातून करून घेतलं. आधी लेस काढ. ओल्या फडक्याने माती नि जुनं पॉलिश पूस, सावलीत वाळव. चिरांवर एरंडेलाचा नुसता हात, रात्रभर ठेवून जास्तीचं टिपून घे. दुसऱ्या दिवशी पॉलिश, तेही नखाएवढंच. दहा मिनिटं थांबून ब्रश. शेवटी सुती फडकं दोन बोटांना घट्ट गुंडाळून, पाण्याचा एक थेंब, आणि लहान लहान गोल. पाण्यामुळे मेण फडक्याला चिकटत नाही, बुटावरच बसतं. पुन्हा पातळ थर, पुन्हा थेंब. बूट दुमडतो तिथे थर जाड नको, तडकतो. (बाटलीतल्या झटपट चकाकीचं तेच होतं, जुन्या चामड्यावर पापडी धरते.)

त्यांच्याकडे मी चहाही घेतला. पुढे इतकी वर्षं वर्गात समतेचे धडे शिकवले, पण आजी असेपर्यंत हे घरी बोललो नाही.

परेडच्या सकाळी आजीने लांबूनच बूट पाहिले. म्हणाली, "कोणी शिकवलं रे?"

मी म्हणालो, "हवालदारांनी."