पिशवी काढली, मोळी राहिली

कॅलेंडर मागं फिरवा. २०१८ चा वैशाख. बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं कुठलंही गाव धरा. बोअर आटलेत, टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागलेत, पण घरांना कुलपं नाहीत. कारखान्याचा पट्टा पडलाय, ऊसतोडीला गेलेली जोडपी परतलीत, आणि दिवाळीपर्यंत ती इथंच आहेत. तब्येतीची सगळी रखडलेली कामं करायला या माणसांना एवढेच महिने मिळतात.

आज तुम्ही आक्का आहात. घरातली थोरली सून. वय पस्तीस, लग्नाला वीस वर्षं, हंगामही तेवढेच. तुमची धाकटी जाऊ अठ्ठावीसची आहे. चौदाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन लेकरं, तिसऱ्यानंतर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. गेलं वर्षभर तिच्या अंगावरून पांढरं जातंय, कंबर धरलीय, पाळी आली की आठ-आठ दिवस थांबत नाही. फडावर हे सगळं एका कापडावर निभवायचं असतं. आडोसा नाही, पाणी नाही, ओलं कापड वाळवायला जागा नाही.

आणि सुट्टी नाही. इथला हिशोब समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, एकट्या माणसाला नाही. बाईनं एक दिवस अंग टाकलं की कोयता बसला. मग त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, पाचशे रुपये उचलीत चढतात. पाळीचे चार दिवस बाई पडून राहिली तर हंगामाअखेर घरी काय न्यायचं?

म्हणून तुम्ही जावेला घेऊन तालुक्याच्या गावी आलात. खाजगी दवाखाना, बाहेर चपलांचा ढीग. सोनोग्राफी होते. डॉक्टर पडद्याकडं बघत म्हणतात, "पिशवीला सूज आहे. ठेवली तर कॅन्सर होईल."

जाऊ तुमच्याकडं बघते. तुम्ही काय म्हणता? तेच, जे तुम्हाला सहा वर्षांपूर्वी तुमच्या नणंदेनं सांगितलं होतं, आणि तिला शेजारच्या कोपीतल्या बाईनं. "काढून टाक. लेकरं झाली, आता ती ठेवून काय लोणचं घालायचंय? माझ्याकडं बघ, मोकळी झाले."

हे वाक्य तुम्ही मायेनं म्हणता. त्यात खोट नाही. पण बाईचा बाईला आधार म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच वाटेनं हे ऑपरेशनही गावोगाव पोचलं. डॉक्टरनं भीती घातली, मुकादमानं उचल दिली, आणि भरवसा दिला तुम्ही. डॉक्टरच्या शब्दावर विश्वास बसला नसता, तुमच्या शब्दावर बसला.

इथं क्षणभर थांबा आणि आणखी मागं या. १९९९ साल संपत आलंय. लांब नाही जायचं, शेजारच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवात. गावात गाडी आलीय, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाशी जोडलेल्या बायका तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांना बोलावतायत. पडद्याआड दोन मिनिटांची तपासणी. गर्भाशयाच्या तोंडावरून बोळा फिरवायचा, त्यात एचपीव्ही हा विषाणू आहे का ते बघायचं, सापडला तर पुढचे उपचार करायचे. बायका लाजतात, एकमेकींना ढकलतात, पहिली जाऊन आली की दुसरी उठते. जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायका या अभ्यासात होत्या. २००९ साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एचपीव्हीची ही तपासणी आयुष्यात एकदाच झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरच्या डॉक्टरांनी हा अभ्यास वाचला. कॅन्सरला भिणाऱ्या बाईला काय द्यायला हवं याचं उत्तर बीडच्या शिवेवर तयार होतं. तुमच्या जावेला मात्र ना ती तपासणी मिळाली, ना पांढऱ्या पाण्यावरच्या गोळ्या. तिचा त्रास बहुतेक जंतुसंसर्गाचा होता. तो गोळ्यांनी बरा होतो.

परत या २०१८ ला. ऑपरेशन झालंय.

वॉर्डात सहा खाटा. शेजारच्या खाटेवर पन्नाशीची बाई आहे. तिच्या पिशवीत नारळाएवढी गाठ होती, रक्त जाऊन जाऊन अंग पांढरंफटक पडलेलं, दोन बाटल्या रक्त चढवून मग ऑपरेशन केलं. तिच्यासाठी हे ऑपरेशन जीव वाचवणारंच आहे, आणि ते तिला दहा वर्षांपूर्वी मिळालं असतं तर बरं झालं असतं. एकाच वॉर्डात एकीचं गरजेचं होतं, दुसरीचं नव्हतं, आणि दोघींच्या पोटावरचा टाका सारखाच दिसतो.

तुम्ही रात्रभर खाटेखाली सतरंजीवर आहात. जावेला खोकला आला की उठायचं, उशी तिच्या पोटावर धरायची आणि सांगायचं, "दाबून धर, मग खोक." हे तुम्हाला नर्सनं शिकवलेलं नाही, पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं शिकवलं. लघवीची नळी लावलेली बघून जाऊ म्हणते, "आक्का, एक पिशवी काढली अन् दुसरी लावली." सहाही खाटा हसतात, आणि लगेच सहाही जणी पोट धरून "नको गं हसवू" म्हणून कळवळतात. दुसऱ्या दिवशी तिला उठवून चालवायचं. एक हात तिच्या काखेत, दुसऱ्या हातात सलाईनची बाटली. पोटात वारा धरलाय, तो सुटेपर्यंत जेवण नाही. तो सुटतो तेव्हा सगळ्या वॉर्डाला आनंद होतो, एवढं मोकळं वातावरण फक्त बायकांच्याच खोलीत असतं.

घरी आल्यावर तुमची फौज कामाला लागते. शेजारीण तिचे हंडे भरते. चुलतसासू हुलग्याचं माडगं करून आणते. पोटाला धडपं आवळून बांधायचं काम तुमचं. लेकरांच्या भाकरी, जनावरांचं पाणी, धुणं, सगळं वाटून घेतलंय, न बोलता. डॉक्टरांनी सांगितलंय, दीड-दोन महिने जड उचलायचं नाही. तेवढे दिवस गल्लीनं तिला घागरसुद्धा उचलू दिली नाही. पगारी रजा, आजारपणाचा भत्ता, नर्स, फिजिओथेरपी, शहरातली बाई यातलं काहीतरी मिळवते. इथं या सगळ्याच्या जागी शेजारची बाई आहे.

दवाखान्यातून मिळालेलं कार्ड तुम्ही रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुळईला अडकवलंय. त्यावर इंग्रजीत एक ओळ आहे: टीएएच, आणि पुढं बीएसओ. पहिल्या तीन अक्षरांचा अर्थ, पोट उघडून गर्भाशय काढलं. पुढच्या तीन अक्षरांचा अर्थ, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि बीजांडकोशही काढले. ते वाचून दाखवणारं कुणी घरात नाही. सांगितलंही कुणी नाही.

आता दिवाळी उरकवा. यंदा राज्यानं दीडशे तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलाय, गावात थांबण्यात अर्थच नाही. ट्रकमध्ये पेट्या, पाट्या, कोंबड्या, लेकरं आणि तुम्ही दोघी. उतरता ते कोल्हापूरकडच्या उसात. पाचटाच्या कोपी उभ्या राहतात, तीन दगडांची चूल पेटते.

पौषातली रात्र. थंडी अशी की हंड्यातलं पाणी बोटाला चावतं. पलीकडं जाऊ गोधडी भिरकावून उठून बसलीय. कपाळावर घाम, मान, पाठ भिजलेली. "अंगाची आग होतीय आक्का." तुम्ही ओल्या फडक्यानं तिची मान पुसता आणि सांगता, "मलाबी व्हायचं. होतंय तसं." कडेच्या कोपीतली म्हातारी अंधारातून बोलते, "माझी तर पंचविशीत काढली. हाडं बघ कशी वाजत्यात." या मुक्कामावर सगळ्यांना खूण माहीत आहे, तिच्यामागचं कारण एकीलाही माहीत नाही. पाळी तर पिशवीबरोबरच जाते, पण बीजांडकोशही गेले की अठ्ठाविसाव्या वर्षी पन्नाशीतला बदल बाईच्या अंगावर एकदम कोसळतो. घाम, धडधड, चिडचिड ही सुरुवात. पुढं हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. त्यावर औषधं आहेत, पण ती घ्यायला आधी कळायला हवं.

पहाटे चारला कोयता. नवरे तोडतात, बायका वाढं कापतात, उसांची मोळी वाढ्यानंच आवळतात. मग गाडी भरायची. ट्रकच्या फाळक्याला अरुंद फळी टेकवलेली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तीस-चाळीस किलोची मोळी, आणि त्या फळीवरून वर चढायचं. पाय टाकला की फळी वाकते, दुसरा टाकेपर्यंत ती परत वर येते. त्या झोक्याला ओटीपोट आवळून तोल सांभाळायचा असतो. नेमकं तेच जावेला जमत नाही.

मग तुमची टोळी आपला कायदा करते. जाऊ खालीच बसून मोळ्या बांधेल. तिच्या वाटणीच्या मोळ्या बाकीच्या बायका वर नेतील, प्रत्येक खेपेला एक जास्तीची. मुकादमाला कळू द्यायचं नाही. कळलं तरी तो गप्प बसेल, कारण गाडी वेळेवर भरतेय. कोण किती मोळ्या जास्तीच्या वाहतंय याची नोंद नाही, फेड नाही. मागच्या साली म्हातारीच्या वाहिल्या, पुढच्या साली आणखी कुणाच्या. माझ्या मते या उद्योगात बाईला मिळालेली ही एकमेव आजारपणाची रजा. कारखान्याला ती फुकटात पडली.

हंगाम संपतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत बातमी येते की बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या जातायत. जूनमध्ये विधान परिषदेत प्रश्न निघतो. आरोग्यमंत्री सांगतात, तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली जाते, घरोघर विचारणा होते. एक दिवस तुमच्या दारातही कुणीतरी कागद घेऊन उभं राहतं आणि विचारतं, "पिशवी काढली का? कितव्या वर्षी?" तुम्ही सांगता. जाऊ सांगते. म्हातारी पण सांगते. ८२,३०९ ऊसतोड महिलांची नोंद होते, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघते. सहांत एक. तेव्हाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण सुमारे तीन टक्के होतं.

त्यानंतर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच शस्त्रक्रियांच्या प्रकरणात सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. खाडा मात्र तसाच आहे, आणि परवानगीचा शिक्का मोळीचं वजन कमी करत नाही. दिवसभर पाळीत उभं राहायला लावणारी मजुरीची रीत बदलत नाही, तोवर पिशवी काढणं ही बाईला सोयच वाटणार.

आता वर्तमानात या, आक्का. तुमच्याकडं अजूनही ती ताकद आहे, जी डॉक्टरकडं नाही आणि सरकारकडंही नाही. बायका तुमचा शब्द खरा मानतात. पुढच्या वेळी कुणी तुमच्याजवळ येऊन "काढू का?" विचारलं, तर लगेच "काढ" म्हणू नका. तिला घेऊन सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरकडं जा, गोळ्यांनी बरं होईल का ते विचारा, आणि काढायचीच असेल तर बीजांडकोश ठेवणार का, हे ऑपरेशनच्या आधी तोंडावर विचारा. ज्यांचं होऊन गेलंय, त्यांनी कार्ड खाली काढावं, आशाताईकडून वाचून घ्यावं. त्यावर बीएसओ लिहिलेलं असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर अंगाची आग 'होतंय तसं' म्हणून सोसू नका. स्त्रीरोगतज्ज्ञाला कार्ड दाखवा आणि हाडांचं विचारा.