विद्युच्छास्त्रांतील उदाहरणें आणि त्यांचा पूर्वेतिहास

वीज आणि चुंबकत्व या विषयाच्या पहिल्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटीं उदाहरणांची एक रांग असते, आणि तेथें पोहोंचल्यावर पुष्कळ विद्यार्थ्यांचा धीर सुटतो. सिद्धांत वाचलेला असतो, सूत्रें पाठ असतात. तरीहि प्रश्न समोर आला कीं कोणतें सूत्र कोठें लावावें हें सुचत नाहीं. घरांतील वडील मंडळी याचा दोष मुलाच्या बुद्धीला किंवा आळसाला देतात. आमच्या मतें या अडचणीचें मूळ दुसरीकडे आहे. आणि तें शोधावयाचें तर या शास्त्राची घडण कसकशी होत गेली इकडे दृष्टि वळविली पाहिजे.

या शास्त्राला गणिताची भक्कम जोड प्रथम फ्रान्समध्यें मिळाली. १७८५ सालीं कूलाँबनें तारेच्या पिळावर चालणाऱ्या नाजूक तराजूच्या साहाय्यानें, दोन विद्युद्भारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतें, हें मोजून दाखविलें. १८२० मध्यें कोपनहेगन येथें ओर्स्टेडला तारेंतील प्रवाहामुळें होकायंत्राची सुई वळते असें आढळलें. त्याच वर्षीं अँपियरनें प्रवाहांचें परस्परांवरील बल अभ्यासावयास घेतलें आणि थोड्याच वर्षांत त्याचें गणित मांडलें. हें सारें न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर होतें. दोन वस्तु, त्यांमधील अंतर आणि त्या अंतरावरून लागू होणारें बल, एवढ्यावरच सर्व हिशेब चाले. मधल्या रिकाम्या जागेला त्यांत कांहीं काम नव्हतें.

प्रवाहाच्या मंडलांचें गणित मात्र शाळामास्तरांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हातून झालें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ओहम हा कोलोन येथील एका शाळेंतील शिक्षक. त्याचा ग्रंथ १८२७ सालीं निघाला, तेव्हां स्वदेशांत त्याची फारशी कदर झाली नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें कॉप्ले पदक दिलें, तेव्हां कोठें त्याच्या श्रमाचें चीज झालें. फांटे फुटलेल्या मंडलांचे जे दोन नियम किर्चहॉफच्या नांवानें आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो, ते त्यानें १८४५ मध्यें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, कोनिग्सबर्ग येथें नॉयमानच्या हाताखालीं शिकत असतां मांडले. म्हणजे उदाहरण सोडविणें हें कमी प्रतीचें काम आहे असें मुळींच नाहीं. त्यांतूनच कधीं कधीं नियम जन्माला येतो. शिवाय त्या नियमांच्या पाठीमागें एक साधें चित्र आहे. तारा जेथें मिळतात तेथें प्रवाह सांचून राहत नाहीं. जेवढा येतो तेवढाच निघून जातो. हें चित्र ज्याच्या मनांत आहे त्याला पहिला नियम पाठ करावा लागत नाहीं.

या चित्राचें खरें सामर्थ्य दिसलें तें फॅरडेच्या कार्यांत. १७९१ सालीं जन्मलेला हा लोहाराचा मुलगा चौदाव्या वर्षीं एका बुकबाइंडरकडे उमेदवारीस राहिला आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून शिकला. उच्च गणिताशीं त्याचा परिचय कधींच झाला नाहीं. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. पहिलें बॅटरीला जोडलें, दुसऱ्याच्या तारेजवळ चुंबकाची सुई ठेवली. प्रवाह सुरू होतांना सुई हलली, तोडतांना उलट हलली. परंतु प्रवाह एकसारखा चालू असतांना ती स्वस्थ राहिली. चुंबकत्वांतून वीज निघते ती बदल होत असेल तेव्हांच, हें यावरून ठरलें. लोखंडाच्या किसांत दिसणाऱ्या बलरेषा त्याला कागदापुरत्या खऱ्या नव्हत्या. सारी जागा त्यांनीं भरली आहे असें तो मानी. गणितज्ञांना जी जागा रिकामी होती तीच याच्या दृष्टीनें सर्व व्यापाराचें स्थान होती.

मॅक्स्वेल १८५४ सालीं केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेंत दुसरा रँग्लर झाला. पण एवढ्या कठोर गणिती शिक्षणानंतरहि विजेचा अभ्यास कोठून आरंभावा हें त्याला विल्यम टॉमसनला पत्र लिहून विचारावें लागलें. पुढें त्यानें एक निश्चय केला आणि १८७३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत तो नमूदहि केला: फॅरडेचे प्रयोगग्रंथ आधीं पुरे वाचावयाचे आणि तोंपर्यंत या विषयावरील गणिताला हात लावावयाचा नाहीं. त्या काळांतील अव्वल दर्जाच्या गणितज्ञानें गणित बाजूस ठेवून आरंभ केला, तो चित्र आधीं हस्तगत व्हावें म्हणून. १८५७ मध्यें फॅरडेनें त्याला पत्रानें विचारलें होतें कीं, गणितज्ञांनीं काढलेले निष्कर्ष साध्या भाषेंत सांगतां येणार नाहींत काय? आजचा विद्यार्थी नेमका हाच प्रश्न मनांतल्या मनांत विचारीत असतो.

१८७३ या वर्षींच वीज व चुंबकत्व हे विषय ट्रायपॉसमध्यें नव्यानें दाखल झाले. ‘रँग्लर’ हा शब्द १८९९ सालीं रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाल्यापासून महाराष्ट्राला जिव्हाळ्याचा आहे. त्या परीक्षेचा गुण असा कीं तिनें अवघड प्रश्नाशीं झुंजण्याची शिस्त लावली. परंतु परीक्षेसाठीं तयारी करून घेणाऱ्या खाजगी शिक्षकांच्या पद्धतींत वेगाला फार महत्त्व आलें. प्रश्न पाहतांच सूत्र आठवावें, ही संवय परीक्षेच्या घाईंत उपयोगी पडली, तरी त्यामागील चित्र तिनें मिळत नाहीं.

याचा परिणाम एका लहानशा उदाहरणांत पाहूं. एकाच वेढ्याच्या वेटोळ्यांतून ०.०६ वेबर इतका चुंबकीय बलरेषांचा ओघ जात आहे, वेटोळ्याचा रोध ३ ओहम आहे आणि चुंबक स्थिर आहे; तर वेटोळ्यांत प्रवाह किती? सूत्रें शोधणारा विद्यार्थी दिलेल्या दोन आंकड्यांचा भागाकार करून मोकळा होतो. उत्तर शून्य आहे. १८३१ मध्यें स्वस्थ राहिलेली ती सुई ज्याच्या डोळ्यांपुढें आहे तो लेखणी न उचलतां हें सांगेल. आतां चुंबक दूर नेऊन तोच ओघ ०.२ सेकंदांत एकसारख्या वेगानें शून्यावर आणला, तर ०.३ व्होल्टचें विद्युद्बल उत्पन्न होईल आणि ०.१ अँपियर प्रवाह वाहील. आणि तो कमी होणाऱ्या ओघाला टिकवून धरूं पाहील अशा दिशेनें वाहील. ही दिशा लेंझनें १८३४ मध्यें नियमबद्ध केली. येथें आंकडेमोड दोन ओळींची आहे. विचार मात्र आंकडेमोडीपूर्वींच संपलेला असतो.

यावरून गणित दुय्यम आहे असा अर्थ कोणीं काढूं नये. फॅरडेच्या बलरेषांना मॅक्स्वेलचीं समीकरणें मिळालीं नसतीं, तर प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लहर आहे हें कळलें नसतें, आणि हर्ट्झनें १८८७-८८ मध्यें तशा लहरी निर्माण करून दाखविल्या त्याहि बहुधा लांबणीवर पडल्या असत्या. प्रश्न क्रमाचा आहे. इतिहासांत जें आधीं आलें तें वर्गांत आधीं यावें. विद्यार्थ्यानें आकृति काढावी, काय बदलत आहे व काय स्थिर आहे हें साध्या मराठींत दोन वाक्यांत लिहावें, उत्तर मोठें येईल कीं लहान, दिशा कोणती, याचा अजमास करावा. नंतर सूत्राकडे वळावें. हें करण्यास पहिले कांहीं आठवडे वेळ अधिक लागतो, आणि उदाहरणांची संख्या कमी भरते म्हणून पालकहि अस्वस्थ होतात. त्यांनीं थोडा धीर धरावा. दहा उदाहरणें समजून सोडविणाऱ्या मुलाला अकरावें उदाहरण अनोळखी असलें तरी परकें वाटत नाहीं. आणि शंभर उत्तरें पाठ करणाऱ्याचा एकशें पहिल्या प्रश्नापुढें निरुपाय होतो.