मद्रासचा चांदोबा आणि पैठणचा वेताळ

मराठी मुलांच्या वाचनाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यातील एक प्रकरण पुण्यामुंबईस सोडून थेट मद्रास शहरातील वडपळणी ह्या भागात न्यावे लागेल. एप्रिल १९५२ मध्ये तेथून ‘चांदोबा’ हे मासिक मराठीत निघू लागले. राक्षस, मांत्रिक, बोलणारी प्रेते आणि पाताळातील नगरे ह्यांची ओळख महाराष्ट्रातील असंख्य मुलांना ह्या मासिकाच्या पानांतून झाली. अद्भुताची आणि भयाची गोडी ज्यांना पुढे जन्मभर पुरली, अशा कित्येक वाचकांचा प्रवास येथून सुरू झाला. हे मासिक परप्रांतात घडत होते, ह्याची त्या मुलांना बहुधा कल्पनाही नव्हती.

ह्या मासिकाचा मूळ अवतार तेलुगू आणि तमिळ. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी ह्या दोन स्नेह्यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला महिनाभराचा अवधी असताना, तेलुगूत ‘चंदमामा’ व तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. १९४९ साली कन्नड आणि हिंदी आवृत्त्या निघाल्या व त्यांच्यामागून मराठीची पाळी आली. चंद्राला मामा म्हणण्याची रीत आपल्याकडेही आहे. परंतु मराठी अंकाला नाव मिळाले ते ‘चांदोबा’. विठोबा, खंडोबा ह्यांच्या पंक्तीत सहज बसणाऱ्या ह्या नावामुळे मासिकाचे परकेपण पहिल्या पानावरच नाहीसे झाले.

मजकूर बहुतांशी आधी तेलुगूत सिद्ध होई आणि मग त्या त्या भाषेचे जाणकार तो आपापल्या भाषेत उतरवीत. चित्रे मात्र सर्व भाषांत एकच असत. त्यामुळे सोलापूरचा मुलगा आणि विजयवाड्याचा मुलगा एकाच राजवाड्याकडे, एकाच राक्षसाकडे पाहत वाढले. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे चित्रपटव्यवसायातीलही मोठे नाव होते. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे गाजलेले अद्भुतरम्य चित्रपट त्यांच्याच विजया संस्थेचे. एकाच मालकीखाली एकीकडे पडद्यावरची मायानगरी उभी राहत होती, तर दुसरीकडे कागदावरची.

ह्या मायानगरीचा कारभार ज्यांच्या हाती होता ते कोडवटिगंटि कुटुंबराव हे तेलुगूतील नामांकित कथाकार. ते १९५२ मध्ये मासिकात आले आणि १९८० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी संपादनाचा भार वाहिला. त्यांचे उच्च शिक्षण पदार्थविज्ञानाचे आणि विचारांची ठेवण पुरोगामी, बुद्धिवादी. भुताखेतांवर ज्याचा काडीइतका विश्वास नाही, अशा गृहस्थाने भुतांच्या गोष्टी दोन तपांहून अधिक काळ निगुतीने पुरवाव्यात, ह्यात वरवर विसंगती दिसते. पण भूत ही कथेतील एक सोय आहे, ती सत्यकथा नव्हे, हे ज्याला पक्के ठाऊक असते तोच ती सोय नेमकी वापरू शकतो. त्यांचे सहकारी दासरी सुब्रह्मण्यम ह्यांनी मांत्रिकांच्या, दुर्गम दऱ्यांच्या आणि भग्न मंदिरांच्या दीर्घ क्रमशः कथा लिहिल्या. महिनोन्‌महिने ह्या कथांच्या पुढील भागाची वाट पाहणाऱ्या मुलांना त्यांचे नाव मात्र क्वचितच कळले.

ह्या सर्वांत मुलांच्या मनावर खोल ठसला तो वेताळ. चित्रकार के. सी. शिवशंकरन ऊर्फ ‘शंकर’ ह्यांनी काढलेले ते चित्र एका पिढीला विसरता येणार नाही. स्मशानातील काळोख, विखुरलेल्या कवट्या, हातात उपसलेली तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला राजा. शंकर २०२० साली, शहाण्णव वर्षांचे होऊन वारले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

हा वेताळ मद्रासेत जन्मलेला नव्हता. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागर’ ग्रंथात त्याच्या पंचवीस कथा आहेत, आणि त्या कथांतील राजा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा. सोमदेव आपल्या ग्रंथाचे मूळ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’त सांगतो, आणि गुणाढ्य हा आख्यायिकेप्रमाणे सातवाहन राजाचा मंत्री. पणात हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी ह्या तिन्ही भाषा सोडल्या व आपल्या कथा पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिल्या. राजाने तो ग्रंथ झिडकारला. तेव्हा गुणाढ्य अरण्यात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि मग ते अग्नीत टाकी. श्वापदे चरणे विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजाला पश्चात्ताप होऊन तो धावत आला, तोवर सात लक्ष श्लोकांपैकी एकच लक्ष उरले होते. आख्यायिकाच ही, पण अद्भुत कथेकडे दरबाराने पाठ फिरवावी आणि भोळ्या श्रोत्यांनी ती जिवापाड ऐकावी, हा अनुभव त्यानंतरही अनेकदा आला आहे.

महाराष्ट्रात वेताळ केवळ ग्रंथात राहिला नाही. कोकणात आणि गोव्यात तो गावाचा राखणदार आहे. त्याची देवळे आहेत. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, ह्या श्रद्धेने त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. छापील मराठीतही तो लवकर आला. सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली निघाली. तमिळ भूमीवर मराठी गोष्टी छापण्याची परंपरा तर त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच तंजावरच्या सरफोजी राजांच्या छापखान्यातून इसापनीतीचा मराठी अवतार ‘बालबोधमुक्तावली’ बाहेर पडला होता. तेव्हा वडपळणीहून ‘चांदोबा’ निघू लागला ही पहिलीच घटना नव्हती. कावेरीकाठच्या एका जुन्या वाटेवरूनच तो चालला होता, आणि गोदावरीकाठची कथा घेऊन महाराष्ट्रात परतत होता.

अशा वाचनावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप असे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकापासून मराठी बालवाङ्‌मयाने ज्ञान आणि संस्कार ह्यांची कास धरली होती. स्मशान, मुंडकी, कापालिक ह्यांनी मुलांची मने भित्री व अंधश्रद्ध होतील, असे त्या परंपरेत वाढलेल्यांना वाटणे स्वाभाविक होते. भीतीला भीतीच म्हणून विकणाऱ्या पुस्तकांना हा आक्षेप लागूही पडतो.

परंतु वेताळाच्या कथेची बांधणी निराळी आहे. राजा स्मशानात जातो तो शब्द दिलेला असतो म्हणून. वेताळ त्याला भिववीत बसत नाही. तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. अपराध कोणाचा? त्याग कोणाचा मोठा? उत्तर ठाऊक असून न बोलल्यास मस्तक फुटेल आणि बोलल्यास मौन मोडून प्रेत झाडावर परत जाईल, अशा कात्रीत राजा सापडतो. आपले श्रम वाया जाणार हे दिसत असूनही तो दर वेळी खरे उत्तर देतो. अंधाऱ्या रात्री, खांद्यावर प्रेत असतानाही माणसाने विवेक शाबूत ठेवावा, ह्याहून वेगळा संस्कार आक्षेपकांना तरी कोणता हवा होता? मूळ पंचवीस कथा लवकरच संपल्या. पण ‘चांदोबा’ने नव्या कथा रचून हा क्रम दशकानुदशके चालू ठेवला, आणि दर महिन्याला मुलाला राजाच्या आधी उत्तर शोधण्याची संधी दिली. भीती ही तेथे केवळ दार होती. आत न्यायनिवाडा होता.

ह्या दारातून गेलेला वाचक पुढे कोठवर गेला, हेही पाहण्यासारखे आहे. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या साहसकथा त्याला आपल्याशा वाटल्या, कारण अशक्याला कथेपुरते मान्य करण्याचा सराव त्याला होता. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांच्या शंभराहून अधिक पुस्तकांना आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथांना वाचनालयांतून जो वाचकवर्ग मिळाला, त्यातील बऱ्याच जणांची पहिली यत्ता ‘चांदोबा’त झाली असली पाहिजे. परकीय भयकथांचे संस्कार घेऊन धारपांनी त्या मराठी वाड्यांत आणि आडगावांत रुजविल्या. सोमदेवाने, छत्र्यांनी आणि वडपळणीच्या अनामिक भाषांतरकारांनी केलेल्या कामाचीच ही वेगळी तऱ्हा होती.

१९९८ मध्ये मासिकात खंड पडला आणि पुढील वर्षी ते पुन्हा सुरू झाले. २००७ साली ते मुंबईच्या एका कंपनीकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास त्याची प्रसिद्धी थांबली. जुने अंक आता रद्दीच्या दुकानांत, घरच्या माळ्यांवर आणि जुन्या वाचकांच्या संग्रहांत आहेत. ते जपणारे लोक आपले बालपण जपतात, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण त्या जिल्हेबंद अंकांत भाषांतरकारांचे बिननावाचे कष्टही जपले गेले आहेत. गुणाढ्याच्या सात लक्ष श्लोकांतील सहा लक्ष अग्नीत गेले, ते राजाला उशिरा जाग आली म्हणून. ‘चांदोबा’च्या मराठी अंकांची पूर्ण मालिका एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात नीट लावून ठेवणे, त्यांच्या अनुवादकांची नावे शोधून नोंदविणे, हे काम त्या मानाने किती लहान आहे! ते वेळीच झाले, तर पैठणहून निघून काश्मीर आणि मद्रास पाहून आलेल्या ह्या वेताळाला मराठीत कायमचे घर मिळेल.