काचेच्या प्लेटपासून पस्तीसच्या लेन्सपर्यंत

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं लेखी प्रश्न पाठवला: घरच्या रोजच्या फोटोंसाठी डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा आणि लेन्स कोणती? तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे का विचारावं, असं आम्हाला क्षणभर वाटलं. पण हा प्रश्न मुळात अंतराचा आहे. फोटो काढणारा कुठं उभा राहतो, हे त्यात ठरतं. आणि त्याला इतिहास आहे, तोही आपल्याच निजामी मुलखातला.

आपलं धर्माबाद १९५६ पर्यंत हैदराबादच्या मुलखात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. मूळचे सरधन्याचे, शिक्षण रुडकीला, नोकरी इंदूरला. १८८६ साली त्यांनी सिकंदराबादेत स्टुडिओ थाटला. पुढं पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढायला बाईच नेमली. सहाव्या निजामानं त्यांना 'राजा बहादूर' केलं. आता त्यांचं साहित्य डोळ्यांसमोर आणा: लाकडी पेटी, तिपाई, काचेच्या प्लेटा. असा कॅमेरा उचलून कुणाच्या स्वयंपाकघरात नेता येत नाही. माणसालाच कॅमेऱ्याकडं जावं लागतं, नवे कपडे घालून, श्वास रोखून. त्यामुळं निजामाच्या शिकारी आपल्याला दिसतात, महाल दिसतात. धर्माबादच्या मोंढ्यात मिरची निवडणाऱ्या बायांचा त्या काळचा फोटो मात्र आम्ही कधी पाहिला नाही.

हे उलटं फिरलं ते छोट्या कॅमेऱ्यानं. १९२५ साली जर्मनीत लायका बाजारात आला, सिनेमाची पस्तीस मिलिमीटर फिल्म वापरणारा, खिशात मावणारा. त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स होती. कॅमेरा माणसाकडं चालत जाऊ लागला. आपल्याकडं ते पोचायला बराच काळ गेला. बडोद्यात बनलेला आगफा क्लिक थ्री ज्यांच्या घरी होता ते हसतील आता! एका रोलात बारा फोटो. दिवाळीला घातलेला रोल लग्नसराईत धुवायला जायचा. त्याआधीच्या पिढीचं काय? आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत रझाकारांच्या काळातल्या माणसांचा एकही फोटो नाही. नाव आहे, चेहरा नाही.

डिजिटलमध्ये रोलाचा खर्च गेला, पण अंतर तेच राहिलं. आमच्या एका नातलगानं हौसेनं ७० ते ३०० ची झूम घेतली. पक्षी छान आले. आई एकाही फोटोत नाही! कारण सरळ गणित आहे, बघा. मध्यम आकाराच्या सेन्सरची, म्हणजे एपीएस-सीची, रुंदी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर. दहा फुटांवरून ७० च्या लेन्सला जेमतेम साडेतीन फूट रुंदी दिसते. ३५ च्या लेन्सला पावणेसात फूट. १८ ला तेरा फूट. आपल्या खोल्याच दहा-बारा फुटांच्या, मागं सरकणार कुठं?

म्हणून आमचं मत: अशा सेन्सरचा एखादा जुना, चालू स्थितीतला कॅमेरा घ्या आणि वाचलेले पैसे ३५ मिलिमीटर, एफ १.८ च्या लेन्सवर घाला. बॉडी पाच वर्षांत जुनी होते, लेन्स नाही. सोबत येणारी १८-५५ ची झूम वाईट नाही, पण ५५ वर तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत घेतं. संध्याकाळी एका बल्बखाली बसलेल्या माणसासाठी हा फरक मोठा आहे. मेगापिक्सेलची चर्चा दुकानदाराला करू द्या.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, असंही कुणी विचारलंय. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद पाहते, म्हणून आपण चेहऱ्याजवळ जातो आणि नाक मोठं येतं. दोष लेन्सचा नाही, अंतराचा. चार पावलं मागं सरका, मग कडा कापून घ्या. आणि एक करा: दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीला जपलेल्या आहेत. तुमचे फोटो एका मेमरी कार्डावर असतील, तर या रविवारी त्यातले वीस निवडून कागदावर छापून आणा, मागं पेन्सिलीनं नावं लिहा.