बोअर बदलला म्हणून परवाना बदलत नाही

लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या वजिराबादेत, जुन्या हत्यारांचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते. निजामी अमदानीतल्या एखाद्या देशमुखी वाड्यात आजोबांचे वेब्ली रिव्हॉल्व्हर पडून असते. बोअर .४५५ किंवा .३८, म्हणजे सामान्य परवान्याला बंद. मग चकरी आणि नळी बदलून त्याचे .३२ करून घ्यावे. वारशाची वस्तू घरात राहील आणि कायद्याची अडचणही मिटेल.

हे मत बाळगणारे अडाणी नव्हेत. त्यांच्यापाशी दाखले आहेत. रेमिंग्टन कंपनीने १८६८ मध्ये आपल्याच टोपीच्या रिव्हॉल्व्हरांना धातूच्या काडतुसांची नवी चकरी बसवून दिली. अमेरिकेतली रुगर कंपनी एकाच रिव्हॉल्व्हरबरोबर .३५७ आणि ९ मिमी अशा दोन चकऱ्या देते. पार्कर-हेल कंपनीने तर .४५५च्या वेब्लीत .२२ची गोळी झाडता येईल अशी सरावाची सोय काढली होती. हे सारे खरे आहे. पण हेच दाखले नीट वाचले, तर ते कोणाच्या बाजूने बोलतात?

रेमिंग्टनने सहा बारांची चकरी काढून पाच बारांची घातली. .४६च्या जाड काडतुसांना सहा घरांत जागा पुरत नव्हती, म्हणून कारखान्याने एक बार सोडून दिला. रुगरच्या दोन गोळ्यांच्या जाडीत फरक किती? इंचाचे दोन सहस्रांश. म्हणून नळी तीच चालते. .४५५ आणि .३२ यांच्या गोळ्यांतला फरक मात्र इंचाच्या जवळपास सातव्या भागाएवढा आहे. त्या नळीत .३२ची गोळी आट्यांना शिवणारही नाही. उरली पार्कर-हेलची सोय. ती सरावासाठी होती, काढून ठेवता येत होती. आतले .४५५ तसेच शाबूत राहत होते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे तोच घात करतो.

‘पण अमेरिकेत हजारो वेब्ली .४५ एसीपीसाठी करून घेतल्या, त्या कुठे फुटल्या?’ हा प्रतिपक्षाचा आवडता सवाल. खरे आहे, तिथे उरलेल्या लष्करी वेब्लींच्या चकरीचा मागचा भाग घासून हे काम झाले. आता आकडे बघा. .४५५च्या काडतुसाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे १३,००० पौंड; .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,००० पौंड. तिथले जाणकारच आज अशा वेब्लीत कारखान्याचे पूर्ण भाराचे काडतूस घालू नका म्हणून बजावतात. आणि जे हत्यार फुटले, ते दाखवायला कोण घेऊन बसते? न फुटलेल्यांची गणती म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिले की गोष्ट अधिक उघड होते. चकरी आणि नळी यांच्यामध्ये एक-दोन कागदांच्या जाडीची फट असते. घोडा चढला की प्रत्येक घर त्या फटीपलीकडच्या नळीशी बिनचूक रेषेत यावे लागते. एखादे घर केसभर सरकले तरी शिशाचे कपचे बाजूने उडतात, आणि बाजूला माणूस उभा असतो. कारखान्यातले हत्यार नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार काढून तपासतात आणि मग त्यावर शिक्का मारतात. नवी चकरी घातली की तो शिक्का फक्त एका जुन्या घटनेची नोंद उरतो.

आता कायदा. शस्त्र नियम, २०१६ची पहिली अनुसूची हत्यारावर कोरलेला आकडा पाहत नाही. .३८० किंवा .४५५चे काडतूस ज्यात बसते आणि उडते, ते कोणत्याही बोअरचे रिव्हॉल्व्हर ती प्रतिबंधित गटात घालते. पार्कर-हेलच्या सोयीसारखी आत बसवलेली नळकांडी उद्या काढता आली, तर हत्यार आजही त्याच गटात आहे. मग अडचण मिटली कशी?

शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ प्रमाणे रूपांतर करायलाच परवाना लागतो. २०१९च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये एका गटातले हत्यार दुसऱ्या गटात नेणेही आले. विनापरवाना केले तर कलम २५ खाली किमान सात वर्षे कैद, कमाल जन्मठेप. लेथवर काम करणारा कितीही कसबी असला, तरी त्याचे कसब इथे साक्षीला येत नाही. येते ते सरकारी पक्षाच्या कामी. .३२ला ‘दम नाही’ म्हणून ते .३८ करू पाहणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको. ते स्वतःच्या पायांनी प्रतिबंधित गटात शिरतात, तेही चकरीच्या भिंती पातळ करून.

मला जुनी वेब्ली प्रिय आहे. मधून मोडून उघडणारी तिची ती देखणी चौकट कापून कोणी .३२ केली, तर वारसाही गेला आणि हत्यारही. वाचकांनीच निवाडा करावा. आजोबांच्या नावावर परवाना होता आणि ते आता नाहीत, तर वारसाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. प्रतिबंधित बोअरचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. तोवर हत्यार कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी.