धाव घेण्याचं दार

बैठकीत हप्ते आणि हिशेब संपले की आम्ही चार गोष्टी इतिहासाच्याही बोलतो. आज जाऊ या जपानमधल्या कामाकुरा शहरात. तिथे तोकेइ-जी नावाचं बौद्ध मंदिर आहे.

१२८५ साली काकुसान-नी या बाईंनी ते उभारलं. देशाचा कारभार पाहणारे त्यांचे पती होजो तोकिमुने आदल्याच वर्षी वारले होते. त्या भिक्षुणी झाल्या, आणि पुढे सहाशेहून जास्त वर्षं हे मंदिर बायकांच्याच हाती राहिलं.

त्या काळी सोडचिठ्ठी द्यायची ती नवऱ्याने. चिठ्ठी साडेतीन ओळींची, पण ती हातात नसेल तर बाईला दुसरं लग्न करता येत नसे. नवरा मारणारा असो की दारुडा, बाईला चिठ्ठी लिहिण्याचा हक्क नव्हता. मग गांजलेली बाई या मंदिराकडे धाव घेई. असं सांगतात, की मागून माणसं आली आणि बाईने आपली चप्पल जरी दाराच्या आत फेकली, तरी ती आत आली असं धरत.

आत आल्यावर लगेच सुटका होत नसे. मंदिराची माणसं आधी माहेरच्यांना आणि नवऱ्याला बोलावून समेट घडवून बघत. पुष्कळदा नवरा तिथेच चिठ्ठी लिहून देई. नाहीच दिली, तर बाईने दोन वर्षं मंदिरात काम करून राहायचं. मग नवऱ्याला चिठ्ठी द्यावीच लागे. राहण्याचा खर्चही भरावा लागे. ज्या घरची ऐपत जास्त, त्या बाईला काम हलकं. म्हणजे गरिबीने तिथेही पाठ सोडली नाही.

१८७३ साली जपान सरकारने बाईला घटस्फोटासाठी कोर्टात जाण्याची मुभा दिली. तीही बाप, भाऊ असं कुणीतरी सोबत असेल तरच. मंदिराचा हा अधिकार त्याच सुमारास संपला. आज तिथे भिक्षुणी नाहीत, पण मंदिर उभं आहे.

मैत्रिणींनो, आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तरी रात्री अकराला मार खाऊन निघालेल्या बाईला कायद्याच्या आधी एक उघडं दार लागतं. आपल्या गल्लीत ते कुणाचं? पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीआधी एवढं ठरवू या.